बॅकअप रोज होतोय, पण गरज पडली की डेटा परत येत नाही: तपासणी कुठून सुरू करायची

बडोद्यातल्या छोट्या धंद्यांत हा दोष पुन्हापुन्हा दिसतो. रावपुऱ्यातलं दुकान असो, दांडिया बाजारातलं टॅक्सचं ऑफिस असो की मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतला शेड, बॅकअप नाही असं सहसा नसतं. पेनड्राइव्ह असतो, एक्स्टर्नल हार्ड डिस्क असते, कुणीतरी एकदा लावून दिलेला ऑटोमॅटिक बॅकअपही असतो. पीसी बसला की मात्र कळतं की त्यातून काहीच कामाचं निघत नाही. कारणं ठरावीक आहेत आणि बहुतेक फुकट तपासता येतात.

लक्षणं

- बॅकअपच्या फोल्डरमधली सगळ्यात नवी फाइल महिना-दोन महिने जुनी आहे, तरी रोज ‘बॅकअप झाला’ असा मेसेज येतो.
- फाइलची साइज शून्य केबी आहे, किंवा कित्येक आठवडे अगदी तेवढीच आहे. बिलं रोज बनत असतील तर डेटा वाढलाच पाहिजे.
- टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बॅकअप रिस्टोर केल्यावर कंपनी उघडते, पण नोंदी मागच्या मार्चपर्यंतच्याच.
- मोठी फाइल कॉपी करताना ४ जीबीच्या आसपास तुटते.
- गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हची खूण दिवसभर फिरत राहते, ‘पूर्ण’ असं कधी येत नाही.
- हार्ड डिस्क लावल्यावर टक-टक आवाज येतो, किंवा विंडोज ती ‘फॉरमॅट करू का’ असं विचारतो.
- एक्सेलच्या फाइलींच्या नावांना अनोळखी शेपूट लागलं आहे आणि फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी आहे.

शेवटच्या दोनपैकी काही दिसत असेल तर खालचं काही करून पाहू नका, थेट शेवटच्या भागाकडे जा. बाकी कुठलंही लक्षण असो, एक गोष्ट आधी करा. हातात जी बॅकअपची प्रत आहे तिची दुसऱ्या डिस्कवर आणखी एक कॉपी काढा आणि प्रयोग त्या कॉपीवर करा. एकुलत्या एका प्रतीवर रिस्टोर करून पाहताना ती प्रतही गेली, असं पुष्कळदा होतं.

पहिली दहा मिनिटं: काय, कुठून, कुठे

बॅकअपचं फोल्डर उघडून फाइली तारखेप्रमाणे लावा. सगळ्यात वर कालची तारीख हवी. नसेल तर बॅकअप बंद पडला आहे, मेसेज काहीही म्हणो. अनेक साध्या प्रोग्रॅममध्ये तो मेसेज ‘काम सुरू केलं’ एवढंच सांगतो, कॉपी पोचली की नाही हे पाहत नाही.

मग कॉपी कुठून उचलली जाते ते पाहा. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. टॅलीप्राइम नव्यानं टाकलं, डेटाचं फोल्डर बदललं, आणि बॅकअप मात्र जुन्या फोल्डरचाच चालू राहिला. टॅलीत कंपनी निवडायच्या पडद्यावर डेटाचा पाथ, म्हणजे फोल्डरचा पत्ता, दिसतो. तो आणि बॅकअपमध्ये लिहिलेला पाथ अक्षर-अक्षर जुळवा. कंपनीच्या फोल्डरला नाव नसतं, आकडा असतो, त्यामुळे दोन-तीन कंपन्या असतील तर कुठला आकडा कुणाचा हे कागदावर लिहून ठेवा. असाच घोळ वनड्राइव्हमुळे होतो. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स बऱ्याचदा वनड्राइव्हच्या फोल्डरात सरकतात. जुन्या जागी रिकामं फोल्डर उरतं, आणि बॅकअप त्या रिकाम्या फोल्डरची इमानेइतबारे रोज कॉपी करतो.

कॉपी कुठे जाते तेही पाहा. ‘सी’ मधून ‘डी’ मध्ये घेतलेली कॉपी हा बॅकअप धरू नका. विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडलंत की बऱ्याचदा ‘डिस्क ०’ च्या एकाच पट्टीत सी आणि डी दोन्ही दिसतील. म्हणजे डिस्क एकच आहे, तिला फक्त दोन नावं दिली आहेत. ती मेली की दोन्ही जातात.

घड्याळ, वेळापत्रक आणि ड्राइव्हचं अक्षर

पीसी सुरू केल्यावर तारीख मागे गेलेली दिसते का? मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ सेल संपला असणार. हा ३ व्होल्टचा बटणासारखा सेल कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो आणि स्वस्त असतो. तारीख चुकली की ‘फक्त बदललेल्या फाइली घे’ असा बॅकअप गोंधळतो, कारण नवीन फाइल त्याला जुनी वाटते. क्लाउडचं कनेक्शनही नाकारलं जातं, कारण सुरक्षा प्रमाणपत्राच्या मुदतीशी तारीख जुळत नाही. पीसी बंद करून, वायर काढून सेल बदला, मग बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) तारीख-वेळ घाला.

नंतर टास्क शेड्यूलर, म्हणजे ठरल्या वेळी काम सुरू करणारं विंडोजचं साधन. रात्री ११ चा बॅकअप लावलेला असतो आणि दुकानाचा पीसी साडेआठला बंद होतो, हा प्रकार फार आहे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत वेळ लावा आणि ‘वेळ चुकली तर शक्य तितक्या लवकर चालव’ हा पर्याय चालू करा. लॅपटॉप असेल तर ‘फक्त वीज जोडलेली असताना’ ही अट तपासा. विंडोजचा पासवर्ड बदलला असेल तर त्या नावानं लावलेलं काम गुपचूप बंद पडतं, नवा पासवर्ड तिथेही टाकावा लागतो. शेवटच्या निकालाच्या रकान्यात ०एक्स० म्हणजे ठीक. मात्र रोबोकॉपी या विंडोजमधल्या कॉपीच्या साधनानं बॅकअप होत असेल तर ०एक्स१ पाहून घाबरू नका. रोबोकॉपीत १ चा अर्थ ‘फाइली कॉपी झाल्या’ असा आहे, ८ किंवा त्याहून मोठा आकडा आला तर बिघाड समजा. त्यातला ‘मिर’ हा पर्याय मात्र जपून वापरा. मूळ फोल्डरमधून जे पुसलं जाईल ते तो बॅकअपमधूनही पुसतो.

एक्स्टर्नल डिस्क काल ‘ई’ होती, आज पेनड्राइव्ह आधी लावला म्हणून ‘एफ’ झाली. बॅकअप ‘ई’ शोधतो, ती नसते किंवा ते दुसरंच काहीतरी असतं. डिस्क मॅनेजमेंटमधून तिला ‘एक्स’सारखं शेवटाकडचं अक्षर कायमचं देऊन टाका.

फाइल मोठी, फाइल उघडी

४ जीबीला तुटणारी कॉपी म्हणजे पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला आहे. त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावतच नाही, पेनड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी. आतलं सगळं दुसरीकडे काढून तो एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा.

उघड्या फाइलींचं तसंच. आउटलुक चालू असताना त्याची मेल साठवणारी पीएसटी फाइल कुलुपात असते, साधी कॉपी तिला वगळून पुढे जाते. टॅली चालू ठेवून डेटाचं फोल्डर कॉपी केलं तर कॉपी होते, पण काही फाइली आधीच्या क्षणाच्या आणि काही नंतरच्या, त्यामुळे उघडताना डेटा बिघडलेला निघतो. सगळ्या पीसींवरून टॅली बंद करा आणि मग कॉपी घ्या. किंवा टॅलीतूनच ऑल्ट-वाय दाबून बॅकअप घ्या. डेटा आधीच बिघडला असेल तर दुरुस्तीचा पर्याय चालवण्यापूर्वी बिघडलेल्या फोल्डरचीसुद्धा कॉपी ठेवा. दुरुस्ती दरवेळी साधतेच असं नाही, आणि तिनं काही नोंदी उडाल्या तर निदान मूळ हातात असतं.

क्लाउड

गूगलच्या फुकट अकाउंटला १५ जीबी मिळतात आणि त्यातच जीमेल आणि फोटोही येतात. मालकाच्या फोनचे लग्नाचे फोटो चढले की हिशोबाची जागा संपते आणि अपलोड थांबतं. धंद्यासाठी वेगळं अकाउंट हवं, त्यात फोटो नकोत.

दुसरं, सिंक (पीसी आणि क्लाउडवरच्या फाइली सतत सारख्या ठेवणं) आणि बॅकअप एकच समजू नका. इथली फाइल पुसली की तिथलीही पुसते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवस राहते, मग कायमची जाते. मेहताजींनी (हिशोबनिसांनी) एप्रिलमध्ये चुकून उडवलेलं फोल्डर जुलैच्या रिटर्नच्या वेळी आठवलं, तर ते तिथे नसणार. म्हणून सिंकच्या जोडीला तारीखवार प्रती हव्यातच. रोजच्या ७, आठवड्याच्या ४, महिन्याच्या १२ आणि दर ३१ मार्चची एक कायमची. टॅलीचा डेटा ५०० एमबी असेल तर हे सगळं पहिल्या वर्षी १२ जीबीत बसतं, म्हणजे जागेची सबब उरत नाही.

अपलोड कधीच पूर्ण होत नसेल तर गुणाकार करून पाहा. १० एमबीपीएस अपलोडवर ५० जीबी चढायला ११ तास लागतात, तेही लाइन अखंड असेल तर. पहिली पूर्ण कॉपी रविवारी लावा, नंतर रोज फक्त बदल जातील. कनेक्शन १०० एमबीपीएसचं म्हटलं तरी तो वेग बऱ्याचदा डाउनलोडचा असतो, अपलोड वेगळा मोजून घ्या.

केबल आणि डिस्क

डिस्क मधेच गायब होत असेल तर आधी केबल बदला, मग पीसीच्या मागच्या पोर्टला लावा. छोट्या हार्ड डिस्कला वीज यूएसबीतूनच मिळते आणि पुढच्या पोर्टला लांब आतल्या वायरीमुळे ती कधीकधी कमी पडते. हब मधे असेल तर काढा.

तरीही अडत असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्रॅम चालवा. ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी पाहा. ०५ म्हणजे किती खराब जागा डिस्कनं बदलून घेतल्या, सी५ म्हणजे किती जागा वाचताना अडतात, सी६ म्हणजे किती वाचल्याच गेल्या नाहीत. निळ्याऐवजी पिवळं दिसलं, किंवा सी५ चा आकडा आठवड्यात वाढला, तर त्या डिस्कवर नवीन काही लिहू नका. तिच्यावरचं जे हवं ते महत्त्वाच्या क्रमानं काढा आणि तिला निवृत्त करा. ‘अजून चालतेय’ म्हणून तीच बॅकअपला वापरायची काटकसर करू नका. जुन्या पीसीतून काढलेली डिस्क डबीत घालून बॅकअपला लावणं हा आपल्याकडचा आवडता उपाय आहे, आणि दोष तिथूनच सुरू होतो.

यूपीएसही पाहून घ्या. ६०० व्हीएच्या यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. वीज गेल्यावर पीसी लगेच बंद होत असेल तर बॅकअप चालू असताना गेलेली वीज अर्धवट फाइल मागे ठेवते.

दुसऱ्या पीसीवर परत घेऊन पाहणं

वरचं सगळं ठीक निघालं तरी बॅकअप चालतो असं म्हणायची घाई करू नका. ते इथे ठरतं. यासाठी एक जुना लॅपटॉप पुरतो आणि अर्धा दिवस लागतो. दिवाळीतल्या चोपडा पूजनाच्या (वहीपूजनाच्या) आधी एकदा आणि मार्च संपल्यावर एकदा, एवढं तरी कराच. जमलं तर तीन महिन्यांनी एकदा.

लॅपटॉपवर टॅलीप्राइम टाका. लायसन्स नसलं तरी शैक्षणिक मोडमध्ये ते उघडतं, नोंदी टाकायला तारखांचं बंधन असतं, पण पाहायला अडचण नाही. नवीन रिकामं फोल्डर बनवा आणि ऑल्ट-वाय दाबून रिस्टोर त्यातच करा. चालू पीसीवर, चालू डेटाच्या फोल्डरात चाचणी कधीही करू नका. त्याच नंबरची कंपनी तिथे असेल तर जुनी प्रत आजच्या डेटावर चढते आणि मधल्या काळातल्या नोंदी जातात.

कंपनी उघडली की तिथेच थांबू नका. शेवटच्या विक्री बिलाचा नंबर आणि तारीख चालू पीसीशी जुळवा. ट्रायल बॅलन्सची बेरीज, शिल्लक माल आणि सगळ्यात जास्त उलाढालीच्या एका पार्टीचं खातं जुळवा. मग वर्षातल्या वेगवेगळ्या महिन्यांची चार-पाच बिलं उघडा. एक्सेल आणि पीडीएफच्या बाबतीत फोल्डर दिसणं पुरेसं नाही, निरनिराळ्या फोल्डरांतल्या दहा-बारा फाइली प्रत्यक्ष उघडा. मकरपुऱ्यासारख्या ठिकाणी ड्रॉइंगच्या फाइली आणि सीएनसीचे (प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनचे) प्रोग्रॅमही यात धरा. ते बऱ्याचदा मशीनशेजारच्या जुन्या पीसीत पडलेले असतात आणि ऑफिसच्या बॅकअपमध्ये त्यांचं नावही नसतं. अशा पीसीची फक्त फाइलींची कॉपी पुरत नाही, कारण त्यावरचं जुनं सॉफ्टवेअर पुन्हा मिळत नाही. क्लोनझिलासारख्या फुकट साधनानं अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घ्या.

चाचणी करताना घड्याळ लावा. लॅपटॉप उघडल्यापासून पहिलं बिल दिसेपर्यंत किती तास गेले आणि किती दिवसांच्या नोंदी पुन्हा टाकाव्या लागतील, हे दोन आकडे मालकांना सांगा. बॅकअपवर किती खर्च करायचा ते या दोन आकड्यांवरून ठरतं. दिवसाला दहा बिलं करणाऱ्याला एका दिवसाच्या नोंदी परत टाकणं जमेल. काउंटरवर दिवसभर रांग असलेल्या दुकानाला दिवसातून दोनदा बॅकअप लागेल.

चाचणीत फाइलींपेक्षा जास्त वेळ चाव्यांमुळे जातो. टॅलीचं लायसन्स नव्या पीसीवर चालू करायला नोंदवलेला ईमेल लागतो, आणि तो सोडून गेलेल्या अकाउंटंटचा किंवा डीलरचा निघतो. जीएसटीचा ओटीपी कुणाच्या नंबरवर येतो? डिजिटल सिग्नेचरचा टोकन आणि त्याचा पिन कुठे आहे? टॅलीव्हॉल्टचा (टॅलीच्या डेटाला लावलेल्या कुलपाचा) पासवर्ड हरवला तर चांगला बॅकअपही उघडत नाही, त्याला मागचं दार नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर मदरबोर्ड बदलल्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. नव्या लॅपटॉपांत ते एन्क्रिप्शन मालकाला न कळता चालू असू शकतं. हे सगळं एका कागदावर लिहा, लिफाफ्यात घाला आणि दुकानाबाहेर, घरच्या कपाटात ठेवा.

बडोद्याचं पाणी

इथे ‘एक प्रत बाहेर’ या नियमाला वेगळा अर्थ आहे. ३१ जुलै २०१९ ला शहरात २४ तासांत सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ मध्ये काळा घोडा पुलापाशी विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, तिथे धोक्याची पातळी २६ फूट धरतात. अशा वेळी पाणी नदीकडून येतं तसं गटारातून उलटंही येतं, आणि तळघरातली ऑफिसं आधी भरतात. पीसी टेबलाखाली, यूपीएस जमिनीवर आणि बॅकअपची डिस्क खालच्या खणात असेल तर तिन्ही एकाच तासात जातात.

१ टीबीच्या दोन हार्ड डिस्क घ्या, एकीवर ‘अ’, दुसरीवर ‘ब’ लिहा. दर शनिवारी एक घरी जाते, घरची दुकानात येते. कॉपी झाली की डिस्क काढून ठेवा. कायम जोडलेली डिस्क व्हायरसच्याही तावडीत सापडते. घर कुठे आहे तेही पाहा. दुकान सयाजीगंजला आणि घर समा भागात नदीच्या जवळ तळमजल्यावर असेल तर एकच पूर दोन्हीकडे पोचू शकतो. वरच्या मजल्यावर ठेवा, किंवा तिसरी प्रत क्लाउडवर ठेवा. पावसाळ्याआधी पीसी कमरेच्या उंचीच्या वर घ्या. आजवा धरणाचं पाणी वाढतंय अशी बातमी आली की त्याच दिवशी एक जादा कॉपी घेऊन डिस्क घरी न्या, शनिवारची वाट पाहू नका.

प्रती किती वर्षं ठेवायच्या

जीएसटीच्या हिशोबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायची असतात. २०२३-२४ च्या रिटर्नची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती, म्हणजे तो डेटा ३१ डिसेंबर २०३० पर्यंत उघडता आला पाहिजे. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला हिशोबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात, आणि ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर इलेक्ट्रॉनिक हिशोबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणं बंधनकारक आहे. पार्टनरशिप किंवा मालकीच्या दुकानाला कंपन्यांचा हा नियम लागत नाही, पण काय लागतं ते सीएंना विचारून घ्या. जुन्या वर्षांच्या प्रती एसएसडीवर (चकत्यांऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कवर) घालून कपाटात ठेवू नका. वर्षानुवर्षं वीज न मिळाल्यास एसएसडीतला डेटा विरू शकतो. त्यासाठी हार्ड डिस्क बरी, आणि तीही वर्षातून एकदा लावून पाहा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

टक-टक आवाज येणारी डिस्क ताबडतोब काढा. आत वाचणारी सुई पृष्ठभागाला घासत असू शकते, आणि ‘अजून एकदा लावून पाहू’ म्हटलं की दर वेळी थोडा डेटा कायमचा जातो. फ्रीजमध्ये ठेवणं, आपटणं, चेकडिस्क चालवणं, ‘फॉरमॅट करू का’ला हो म्हणणं, यातलं काही करू नका.

पाण्यात बुडालेली डिस्क वीज देऊन पाहू नका. ती तांदळात घालू नका, हेअर ड्रायरनं वाळवू नका. चिखलाचं पाणी आत वाळलं की मातीचा थर चकत्यांवर चिकटतो आणि काम अवघड होतं. ओल्या कापडासकट हवाबंद पिशवीत घालून शक्य तितक्या लवकर डेटा रिकव्हरीच्या लॅबमध्ये पाठवा. लॅब निवडताना स्वच्छ खोली आहे का, तपासणीचे पैसे वेगळे आहेत का, आणि डेटा नाही निघाला तर किती द्यायचे हे लेखी घ्या. डिस्क देण्याआधी कुठली फोल्डरं सगळ्यात महत्त्वाची हे लिहून द्या, म्हणजे ते आधी तीच काढतील. एसएसडीवरून पुसलेल्या फाइलींसाठी मात्र फार आशा धरू नका. तिच्यातल्या ट्रिम या सोयीमुळे पुसलेली जागा डिस्क स्वतःच साफ करते, म्हणून लक्षात येताच वीज बंद करणं एवढंच हातात असतं.

फाइलींना अनोळखी शेपूट लागलं असेल तर नेटवर्कची केबल आणि वायफाय लगेच काढा, बाकीचे पीसीही वेगळे करा. बॅकअपची डिस्क त्या पीसीला लावू नका, नाहीतर तीही जाईल. चिठ्ठीतल्या पत्त्यावर स्वतः बोलणी करू नका आणि फाइली पुसू नका, पुढे कामाला येतात. पैशांची फसवणूकही झाली असेल तर १९३० वर लगेच फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. कंपन्यांना अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवावं लागतं, त्यामुळे सीए आणि आयटीवाल्यांना त्याच दिवशी फोन करा. पीसी पूर्ण फॉरमॅट करून, विंडोज नव्यानं टाकून, सगळे पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ फोनवरून बदलल्यानंतरच बॅकअप परत घ्या. कुठल्या तारखेची प्रत घ्यायची हे जाणकाराला ठरवू द्या, कारण व्हायरस शिरतो एका दिवशी आणि कुलूप लावतो कित्येक दिवसांनी, आणि मधल्या प्रतींमध्ये तोही बसलेला असू शकतो.